टिपकी पाल आणि ओली भिंत

आधीच सांगून ठेवलेलं बरं. ही गोष्ट पालीची आहे. ई करायचं नाही. नाक मुरडायचं नाही. कारण ही पाल एवढीशी आहे. तुमच्या करंगळीएवढी! तिच्या पाठीवर टिपके. शेपटीवर टिपके. म्हणून तिचं नाव टिपकी.

टिपकी राहायची एका भिंतीवर. भिंतीवर उंच एक ट्यूबलाइट. ट्यूबलाइटच्या मागे टिपकीची आई. दिवसभर टिपकी खाली हुंदडायची. संध्याकाळ झाली, की ट्यूब लागायची. लख्ख! मग आई हाक मारायची, "चुक्!" मग टिपकी निघायची. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. थेट आईच्या कुशीत.

एकदा काय झालं? संध्याकाळ झाली. ट्यूब लागली. लख्ख! आईने हाक मारली, "चुक्!" टिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु...

थप्प!

टिपकी खाली. आणि तिच्या पोटाखाली रंगाचा एक मोठा पापुद्रा.

"लागलं का गं?" आईने वरून विचारलं.

"नाही लागलं," टिपकी म्हणाली. खरं म्हणजे लागलं होतं. पण थोडंसंच.

टिपकी परत निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु... थप्प! परत निघाली. तुरुतुरु... थप्प! भिंत ओली झाली होती. पापडासारखी फुगली होती. पाय ठेवला, की पापुद्रा सुटायचा. पापुद्रा सुटला, की टिपकी पडायची.

मग आईच खाली यायला निघाली. तिने एक पाय टाकला. धप्प! ताटाएवढा ढपला खाली पडला. आई घाबरून मागे सरली. "नको गं बाई! मी उतरले, तर भिंतच उतरेल."

दुसऱ्या भिंतीवरून जायचं? छे, छे! दुसऱ्या भिंतीवर दुसरी पाल. चांगली धिप्पाड. दुसऱ्याचं पिल्लू दिसलं, की धावलीच अंगावर!

टिपकीला रडू आलं. ती आईशिवाय कधीच झोपली नव्हती. तिने शेपटीने डोळे पुसले आणि भिंतीलाच विचारलं.

"भिंतमावशी, भिंतमावशी, मला धरशील का?
आई काही मिळेना!"

भिंत म्हणाली, "धरलं असतं गं सोन्या. पण माझंच अंग सुटतंय. थापी मला पुट्टी लावेना. मी तुला धरू कशी?"

थापी कुठे होती? गॅलरीत होती. पुट्टीच्या पिशवीवर पालथी पडली होती. टिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

"थापीताई, थापीताई, पुट्टी लावशील का?
भिंत मला धरेना,
आई काही मिळेना!"

थापी म्हणाली, "एकदा लावली होती की! सकाळी लावली, संध्याकाळी पडली. ओल्या भिंतीवर पुट्टी बसते होय? वारा ओल वाळवेना. मी पुट्टी लावू कशी?"

वारा कुठे होता? खिडकीच्या बाहेर होता. पेरूच्या झाडात झोके घेत होता. टिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

"वारादादा, वारादादा, ओल वाळवशील का?
थापी पुट्टी लावेना,
भिंत मला धरेना,
आई काही मिळेना!"

वारा म्हणाला, "भिर्र! मी तर एका पायावर तयार आहे. पण खिडकीच्या तोंडाशी बघ कोण उभं आहे! कपाट जागचं हलेना. मी आत शिरू कसा?"

कपाट कुठे होतं? अर्धं खिडकीपुढे, अर्धं भिंतीपुढे. अवघडून उभं होतं बिचारं. टिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

"कपाटकाका, कपाटकाका, हलता का?
वारा ओल वाळवेना,
थापी पुट्टी लावेना,
भिंत मला धरेना,
आई काही मिळेना!"

कपाट म्हणालं, "कर्र! मला काय इथे हौस आहे? आक्काने आणलं मला इथे, डाग झाकायला. घरी हळदीकुंकू आहे ना! मी हललो, तर डाग दिसेल. पाणी काही थांबेना. मी हलू कसा?"

पाणी कुठे होतं? भिंतीच्या पोटात होतं. फटीतून खाली येत होतं. टप्. टप्. टप्. टिपकी फटीपाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाणोबा, पाणोबा, थांबता का?
कपाट जागचं हलेना,
वारा ओल वाळवेना,
थापी पुट्टी लावेना,
भिंत मला धरेना,
आई काही मिळेना!"

पाणी म्हणालं, "टप्! थांबायचं कसं असतं, मला ठाऊकच नाही. वाट दिसली, की मी निघालो. टप्! पाइप मला अडवेना. मी थांबू कसा? टप्!"

पाइप कुठे होता? भिंतीच्या पलीकडे होता. न्हाणीघरात, नळाच्या मागे. टिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाइपमामा, पाइपमामा, पाणी अडवशील का?
पाणी काही थांबेना,
कपाट जागचं हलेना,
वारा ओल वाळवेना,
थापी पुट्टी लावेना,
भिंत मला धरेना,
आई काही मिळेना!"

पाइप कण्हला. "कसं अडवू, बाळा? माझा सांधा निखळलाय. याकूबभाई प्लंबर आले, की मी बरा. पण आक्का त्यांना फोन करेना. मी पाणी अडवू कसा?"

आक्का कोण? आक्का म्हणजे कुसुमाक्का, या घराची मालकीण. तिचा धाकटा भाऊ श्रीधर. दोघं याच घरात राहायची. दोघं खुर्च्यांत बसून चहा पीत होती. टिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. खुर्चीच्या पाठीवर चढली. मोठ्ठा श्वास घेतला.

"आक्का, आक्का, फोन करता का?
पाइप पाणी अडवेना,
पाणी काही थांबेना,
कपाट जागचं हलेना,
वारा ओल वाळवेना,
थापी पुट्टी लावेना,
भिंत मला धरेना,
आई काही मिळेना!"

पण माणसांना पालीचं बोलणं कुठे कळतं? माणसांना नुसती चुकचुक ऐकू येते. आणि आक्काचं एक पक्कं होतं. कुणी काही बोललं आणि पाल चुकचुकली, तर ते बोलणं खरं. शंभर टक्के खरं!

आणि आक्का तेव्हा काय बोलत होती? "श्रीधर, ही ओल ना, गेल्या पावसाची आहे. वाळेल आपोआप."

"चुक् चुक् चुक्!"

आक्काने बोटाने टेबल वाजवलं. टक् टक् टक्. "खरं गं बाई, खरं! ऐकलंस श्रीधर? पाल चुकचुकली!"

"नाही, नाही, नाही!" टिपकी ओरडली.

"चुक् चुक् चुक्!"

"बघ! परत चुकचुकली!"

"अगं आक्का," श्रीधर म्हणाला, "पाऊस जाऊन किती महिने झाले. चैत्र आलाय. दिवसा ऊन बघ किती पडतं!"

"ते उन्हाला सांग. पाल खोटं बोलत नाही." आणि आक्काने फुर्रर्र करून चहा संपवला.

टिपकी मान खाली घालून परत आली. भिंतीखाली येऊन बसली. "आई, मी सांगितलं एक. त्यांना कळलं भलतंच!" आणि ती हमसून हमसून रडली.

आईलाही वाईट वाटलं. पण ती रडली नाही. ती वरून म्हणाली, "उगी, माझ्या टिपके. उद्या परत जा. पण आधी ती काय बोलतात ते ऐक. तोवर तोंड घट्ट मिटून बस."

टिपकी केरसुणीच्या मागे झोपली. एकटीच. वरून आई म्हणाली, "चुक्." खालून टिपकी म्हणाली, "चुक्."

दुसऱ्या दिवशी परत चहा. परत आक्का. परत श्रीधर. आणि खुर्चीच्या पाठीवर परत टिपकी. तोंड घट्ट मिटून.

आक्का म्हणाली, "डाग कपाटाच्याही वर आला रे! हवाच खराब आहे."

टिपकी गप्प.

आक्का म्हणाली, "नाहीतर रंगच खोटा दिला असेल त्या दुकानदाराने."

टिपकी गप्प. गाल फुगले. पण गप्प!

आक्का म्हणाली, "नाहीतर वरच्या मजल्यावरची माणसं. फरशी धुतात बादल्या बादल्या ओतून. त्यांचीच ही ओल!"

टिपकीच्या पोटात चुक् आलं. गळ्यात चुक् आलं. अगदी ओठांवर आलं. पण टिपकी गप्प! गप्प! गप्प!

श्रीधर म्हणाला, "आक्का, मला वाटतं, भिंतीतला पाइप गळतोय."

आता!

"चुक् चुक् चुक् चुक् चुक् चुक् चुक्!"

आक्काचा कप हातातच राहिला. तिने खुर्चीकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. मग टेबल वाजवलं. टक् टक् टक्. "खरं गं बाई, खरं! पाइपच गळतोय! श्रीधर, फोन दे इकडे. याकूबभाईंना बोलावते."

"मी किती दिवस हेच सांगतोय!" श्रीधर म्हणाला.

"तू सांगत होतास रे. पण पाल कुठे चुकचुकली होती?"

काय म्हणावं या आक्काला! पण तिने फोन केला. तो महत्त्वाचा.

आक्काने फोन केला, तसे याकूबभाई आले. पाना घेऊन आले. छिन्नी-हातोडी घेऊन आले. त्यांनी नळामागची एक टाइल फोडली. ठक् ठक् ठक्! आत हात घातला. "हा बघा आक्का, सांधाच निखळलाय. आणि तुम्ही बाहेरून झाकत बसलात! झाकून ओल जाते होय?" त्यांनी सांधा बदलला. पाना फिरवला. कर्र, कर्र, कर्र!

पाइपने पाणी अडवलं.

पाणी म्हणालं, "टप्!" मग म्हणालं, "ट..." मग काहीच म्हणालं नाही. पाणी थांबलं!

"आता ते कपाट हलवा," याकूबभाई म्हणाले. "भिंतीला वारा लागू द्या."

"अगंबाई! आणि माझं हळदीकुंकू?" आक्का म्हणाली. "एवढ्या बायका येणार. डाग बघणार. काय म्हणतील मला?"

आक्काचा चेहरा एवढासा झाला. तिला खरंच वाईट वाटत होतं. पण तिने पदर खोचला. कपाटाला खांदा लावला. श्रीधरनेही लावला. घर्र... घर्र... घर्रर्र! कपाट हललं. "हुश्श!" कपाट म्हणालं.

भिर्रर्र! वारा आत शिरला. पडदा उडाला. पेपर उडाला. आक्काचा पदर उडाला. वाऱ्याने भिंतीला फुंकर घातली. फू फू फू!

हळदीकुंकू झालं. बायका आल्या. आंब्याची डाळ खाल्ली. पन्हं प्यायल्या. आणि त्यांनी डाग पाहिला. एवढा मोठ्ठा! आक्काने मान खाली घातली.

शेजारच्या वेणूताई म्हणाल्या, "अय्या! तुमच्याकडेपण आहे? आमच्याकडे आहे ना, मी त्यावर कॅलेंडर टांगलंय!"

दुसऱ्या बाई म्हणाल्या, "मी घड्याळ लावलंय!"

तिसऱ्या म्हणाल्या, "आमचा तर पलंगच उभा करून ठेवलाय!"

सगळ्या खो खो हसल्या. आक्काही हसली. मग तिने सगळ्यांना याकूबभाईंचा नंबर दिला.

पण टिपकी? टिपकी खालीच होती. भिंत अशी पटकन वाळते का? अहं. आज वाळली का? नाही. उद्या वाळली का? नाही. रोज संध्याकाळी ट्यूब लागायची. आई वरून विचारायची, "चुक्?" टिपकी भिंतीला हात लावून बघायची. गार! ओली! मग खालून सांगायची, "चुक्." म्हणजे, नाही गं, अजून नाही.

टिपकीला घाई झाली होती. आईला तर तिच्याहून घाई झाली होती. पण वारा येत राहिला. फू फू फू! भिंत वाळत राहिली. हळू, हळू, हळू.

आणि एका सकाळी श्रीधरने भिंतीवर हात ठेवला. वर ठेवला. खाली ठेवला. गालही लावून पाहिला. "आक्का! भिंत कोरडी ठणठणीत!"

मग थापी उठली. तिने सुटलेले पापुद्रे खरवडले. खर्र खर्र खर्र! मग पुट्टी लावली. सप् सप् सप्! मग श्रीधरने पॉलिशपेपर घासला. खस् खस् खस्! सगळीकडे पांढरी पांढरी धूळ. आक्का शिंकली. श्रीधर शिंकला. केरसुणीमागे टिपकीही शिंकली. एवढंसंच.

मग ब्रश आला. ब्रशने रंग दिला. आकाशी!

टिपकी धावत सुटली. तुरुतुरु, तुरुतुरु...

"थांब गं!" भिंत ओरडली. "रंग ओला आहे!"

टिपकी थांबली. पण एक पाय टेकलाच होता. झालं! टिपकीच्या एका पायात आकाशी मोजा.

"एवढी थांबलीस. आता थोडीच थांब," भिंत म्हणाली. टिपकी थांबली. एका जागी बसून थांबली. रंग वाळेपर्यंत थांबली.

संध्याकाळ झाली. ट्यूब लागली. लख्ख! आईने हाक मारली, "चुक्!"

"भिंतमावशी, भिंतमावशी, मला धरशील का?"

भिंत म्हणाली,
"आक्काने फोन केला,
पाइपने पाणी अडवलं,
पाणी कसं थांबलं!
कपाट बाजूला हललं,
वाऱ्याने मला वाळवलं,
थापीने पुट्टी लावली.
मी तुला धरेन. ये, सोन्या!"

टिपकीने एक पाय ठेवला. पापुद्रा सुटला नाही. दुसरा पाय ठेवला. पापुद्रा सुटला नाही. तिसरा ठेवला. चौथा ठेवला. भिंतीने टिपकीला धरलं. घट्ट धरलं!

तुरुतुरु, तुरुतुरु. आधी पडली होती, ती जागा आली. टिपकीने डोळे मिटले. पाऊल टाकलं.

थप्प?

नाही! थप्प नाही!

तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु! टिपकी आईपाशी पोचली.

आईने तिला हुंगलं. नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं. मग शेपटीपासून नाकापर्यंत. आकाशी पाय तर दोनदा हुंगला.

आईच्या शेजारी एक जागा रिकामी होती. एवढीशी. तिथे पाकोळी बसायला आली होती. आईने बसू दिलं नाही. धिप्पाड शेजारीण आली होती. आईने तिलाही हाकललं. इतके दिवस आईने ती जागा राखून ठेवली होती.

"ही जागा कुणाची?" टिपकीने विचारलं.

"बसून बघ," आई म्हणाली.

टिपकी बसली. डोकं मावलं. पोट मावलं. शेपटी मात्र बाहेर राहिली. इतक्या दिवसांत टिपकी थोडी मोठी झाली होती.

मग आई थोडीशी सरकली.

आता शेपटीही मावली. दोघी झोपल्या. भिंत वाळली, गोष्ट संपली. तुम्हीपण सरका पाहू जरा. मलाही जागा द्या.